खिडकीकडची रांग

सोमवारी सकाळी स्वरूपा पहिल्यांदा सातवी-बच्या वर्गात शिरली, तेव्हा अडतीस मुलं अर्ध्याच वर्गात बसलेली होती. खिडकीकडची सहाच्या सहा बाकं रिकामी होती. दाराकडच्या बाकांवर मात्र तीन-तीन, कुठे चार-चार जण एकमेकांच्या बरगडीत कोपरं खुपसून बसले होते. त्याहून विचित्र म्हणजे वर्गात आवाज नव्हता. बारा वर्षांची अडतीस मुलं, आणि कुणी कुणाला साधं ढकलतही नव्हतं.

प्रिन्सिपल चंद्रप्रभा माथुर यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "बेटा, या वर्गाला जरा शिस्त लावावी लागेल. वीणानं त्यांना डोक्यावर चढवून ठेवलंय. फार नाटकं करतात." आधीच्या वर्गशिक्षिका वीणा मॅडम दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आल्याच नव्हत्या. का, ते कुणी सांगितलं नाही आणि स्वरूपानं विचारलं नाही. पाच वर्षं दिल्लीत मुनिरक्यातल्या एका खोलीत यूपीएससीचा अभ्यास करून, तिसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत जाऊन रिकाम्या हाती परतल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस असले प्रश्न विचारत नाही.

"हे काय? नीट पसरून बसा," ती हिंदीत म्हणाली. "तुम्ही तिघं, आणि तुम्ही दोघी. चला, खिडकीकडे."

कुणी हललं नाही. तिनं आवाज चढवला तशी मुलं उठली, दप्तरं पोटाशी धरून पलीकडे गेली आणि बाकाच्या अगदी कडेला टेकली, जणू लगेच उठायचंच आहे. जोया नावाची एक किडकिडीत मुलगी खिडकीशी बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हुंदका नाही, आवाज नाही. हेच ते नाटक, स्वरूपाच्या मनात आलं. तिनं तिकडे पाहिलंच नाही. पाठ फिरवून तिनं फळ्यावर तारीख घातली.

खिडकीबाहेर धुरकं इतकं दाट होतं की शेजारच्या प्लॉटवरचे निळे पत्रेसुद्धा दिसत नव्हते. नोव्हेंबरातली नोएडाची हवा. पाचवीपर्यंतच्या मुलांची शाळा घरूनच ऑनलाइन चालू होती, मोठी मुलं मास्क लावून येत होती, मैदानावर जायला सगळ्यांनाच बंदी होती. संध्याकाळी मेट्रोत बसायला जागा मिळाली तेव्हा स्वरूपा स्वतःवर खूश होती. पहिल्याच दिवशी वर्ग ताब्यात आला होता.

मंगळवारी मधल्या सुट्टीत एक मुलगी तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅम, तुम्ही मराठी आहात ना? बिराजदार सरनेम ऐकून पप्पा म्हणाले." ती अक्षया. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला, घर मयूर विहारला. तिचं मराठी अडखळत, हिंदीचा आधार घेत चालायचं. "मॅम, एक विचारू? दरारला मराठीत काय म्हणतात?"

"बारीक असली तर भेग. मोठी असेल तर तडा."

अक्षयानं मागे वळून पाहिलं. बाकीची मुलं डबे तसेच उघडे टाकून त्यांच्याकडेच बघत होती. "मग आमचा तडा आहे," ती म्हणाली.

खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर भारतातल्या नद्यांचा नकाशा लावलेला मोठा सॉफ्टबोर्ड होता. मानस नावाचा चष्मेवाला मुलगा आणि आणखी दोघं पुढे झाले आणि सरावाच्या हातांनी त्यांनी तो उचलून खाली ठेवला. मागे भिंतीत बोर्डाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक तडा उतरलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या आडव्या खुणा होत्या. प्रत्येक खुणेपाशी बारीक अक्षरात तारीख होती. पहिली तारीख ऑगस्टची.

"वीणा मॅमनी सुरू केलं होतं," मानस म्हणाला. त्याच्या हातात वही होती. "ऑगस्टमध्ये दोन मिलिमीटर होता. दिवाळीच्या आधी सात. आज अकरा आहे. शेजारी बेसमेंट खोदतायत ना, तीन मजली. मशीन चाललं की वाढतो."

"आता तर मशीन बंद आहे."

"हवा खराब आहे ना, मॅम. म्हणून खोदायला बंदी आहे." तो एकदम उत्साहानं सांगू लागला. "मी रोज सकाळी उठलो की आधी हवेचा एक्यूआय बघतो. चारशेच्या वर असला की मला बरं वाटतं. आज चारशे बारा आहे."

बारा वर्षांचं पोर विषारी हवेची वाट बघत होतं.

घरी सांगितलं का, असं तिनं विचारलं. सांगितलं होतं. काही पालक येऊनही गेले. शाळेनं त्यांना इंजिनियरचं सर्टिफिकेट दाखवलं, की फक्त गिलावा फुटलाय, भिंत पक्की आहे. मग असेंब्लीत जाहीर झालं, अफवा पसरवणाऱ्याला सस्पेंड करू. त्यानंतर वीणा मॅडम दिसल्या नाहीत.

आता सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत होता. जोयाही.

इथे स्वरूपाच्या घरची गोष्ट सांगायला हवी. ती औसा तालुक्यातली. त्र्याण्णवच्या भूकंपात तिच्या आईचं, सुनंदाबाईंचं, माहेर गेलं. स्वरूपाचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला, पण भूकंप तिच्या घरातून कधी गेलाच नाही. भिंतीवर केसाएवढी भेग दिसली की आई पोरांना अंगणात काढायची. पावसाळ्यात, थंडीत, बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. शेजारपाजारचे हसायचे. स्वरूपाला त्या भीतीची लाज वाटायची, पुढे तर चीड येऊ लागली. त्या भिंतीसमोर उभं राहताच तिला जी भीती वाटली ती आपली नाहीच, आईची आहे, असं तिनं स्वतःला बजावलं.

"हे बघा," ती मुलांना म्हणाली, आणि आपला आवाज किती शांत येतोय याचं तिचं तिलाच बरं वाटलं, "इंजिनियरनं तपासलंय ना? मग घाबरायचं नाही. भिंती अशा पडत नसतात. मी सांगते ना."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जोया हळूच हसली.

बुधवारी ती वर्गात आली तर खिडकीकडची रांग भरलेली. कुणाला सांगावं लागलं नव्हतं. मुलं टेकून, ऐसपैस बसली होती. जोयानं तर डबा तड्याखालच्या कठड्यावर ठेवला होता. "मॅम म्हणाल्या ना," कुणीतरी कुणालातरी सांगत होतं. वर्गात पहिल्यांदाच गलका होता. काल आपण काय बोललो ते स्वरूपाला तेव्हा कळलं. या मुलांनी इंजिनियरवर विश्वास ठेवला नव्हता, प्रिन्सिपलवर नव्हता, आईबापांवरही नव्हता. दोन दिवसांची ओळख असलेल्या बाईवर ठेवला होता.

मधल्या सुट्टीत ती शाळेच्या मागच्या बाजूला गेली. पत्र्यांच्या दोन तुकड्यांमध्ये हातभर फट होती. तिनं त्यातून डोकावलं आणि पत्र्याची कड घट्ट धरली. खड्डा तिच्या कल्पनेच्या दुप्पट खोल होता. माती सुरीनं कापावी तशी सरळ उभी कापलेली, तिला ना कसला टेका, ना आधार. वरच्या बाजूला शाळेच्या पायाच्या विटा उघड्या पडल्या होत्या, हिरडी सुटल्यावर दातांची मुळं दिसावीत तशा.

कडेला पन्नाशीचा एक मजूर विडी ओढत बसला होता. स्वरूपाला पाहून तो उठून उभा राहिला. सुखलाल त्याचं नाव, मध्य प्रदेशातल्या छतरपूरकडचा. "काम कधी सुरू होणार?" तिनं विचारलं.

त्यानं वर बघितलं. "वारा सुटलाय, मॅडमजी. हवा साफ झाली की बंदी उठेल. ठेकेदार म्हणतोय, उद्याच. पंधरा दिवस वाया गेलेत, आता दाबून काम करणार."

"या भिंतीला काही टेका देणार की नाही?"

"नकाशात असेल," सुखलाल म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, "आम्हीपण त्या अंगाला जेवायला बसत नाही."

ती तडक प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेली. चंद्रप्रभा मॅडमनी तिच्यासाठी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग ड्रॉवरमधून सर्टिफिकेट काढून तिच्यापुढे ठेवलं. शिक्का, सही, सगळं होतं.

"बेटा, तू सिव्हिल इंजिनियर आहेस का?"

"नाही, मॅडम. पण एकदा येऊन तो खड्डा बघा तरी."

"मी सव्वीस वर्षं या शाळेत आहे. सेशनच्या मध्यात मी वर्ग बंद केला तर पालक मुलं काढून नेतील. मॅनेजमेंट मला काढेल. आणि तू तर प्रोबेशनवर आहेस." त्या रागावल्या नव्हत्या. दमल्यासारख्या दिसत होत्या. "सोमवारपासून लहान मुलंही येतायत. आता नवा गोंधळ नको. चलो, चहा घे."

स्वरूपानं चहा घेतला. पुढे बरेच दिवस तिला त्या चहाचीच शरम वाटत राहिली.

गुरुवारी आकाश निळं होतं. मेट्रोत लोकांनी मास्क काढले होते, अनोळखी माणसं एकमेकांशी हवेबद्दल बोलत होती. स्टाफरूममध्ये कुणीतरी खिडक्या उघडल्या. फक्त सातवी-बमध्ये कुणी बोलत नव्हतं.

"एकशे ऐंशी, मॅम," मानस म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या तासाला पोकलेन सुरू झालं. आधी आवाज आला, मग तो आवाज बाकांत उतरला. पाण्याच्या बाटल्यांतलं पाणी थरथरू लागलं. छतावरून पिठासारखी पांढरी भुकटी वह्यांवर पडू लागली. स्वरूपानं मुलांना पुन्हा दाराकडे बसवलं आणि काहीही कारण दिलं नाही. कुणी विचारलंही नाही. शेवटच्या तासाला ती दार ओढू लागली तर ते चौकटीत अडकलं. सकाळी सहज लागलं होतं. मानसनं पट्टी लावली. चौदा.

संध्याकाळी बोटॅनिकल गार्डनच्या स्टेशनवर उभी राहून तिनं आईला फोन लावला. दोन गाड्या आल्या आणि गेल्या.

"आई, एक विचारू? तुमच्याकडे तेव्हा, आधी काही कळलं होतं का गं?"

या विषयावर स्वरूपानं आजवर कधीच स्वतःहून काही विचारलं नव्हतं.

"कळलं होतं की," सुनंदाबाई म्हणाल्या. "धक्के बसतच होते. तुझा मामा अंगणातच झोपायचा. मला बाई कंटाळा आला होता त्याच्या त्या अंथरुणाचा. त्या दिवशी मीच म्हटलं त्याला, किती दिवस असा भ्यायल्यावानी बाहेर झोपणार? काही होत नाही, मी सांगते ना. आत ये."

"आई."

"आला बिचारा. माझं ऐकायचा तो."

एवढी वर्षं स्वरूपा ज्याला भीती समजत होती, ती भीती नव्हतीच. "तू काही चुकीचं नव्हतं केलंस, आई," असं तिला म्हणायचं होतं. तिसरी गाडी आली. ती चढली.

शुक्रवारी सकाळी ती वर्गात गेली आणि कुणालाच बसू दिलं नाही. "दप्तरं इथेच. दाराकडच्या भिंतीला लागून उभे राहा." तिला अजून नीट ठरवता येत नव्हतं. फक्त आपला वर्ग बाहेर काढायचा? वरच्या मजल्यावर आठवीचे पंचेचाळीस जण होते. त्यांचं काय?

मानस पुढे झाला, रोजच्यासारखा मोजायला. त्यानं स्टीलची पट्टी तड्यात उभी सरकवली आणि त्याचा हात रिकामा परत आला. पट्टी आत गेली होती. क्षणभरानं फार खालून, जमिनीच्याही खालून यावा तसा, ठण्णकन आवाज आला.

पुढचं तिनं विचार करून केलं नाही. जिन्याजवळ आगीच्या घंटेची लाल पेटी होती. तिनं काच बुटानं फोडली आणि बटण दाबून धरलं. मुलांना फायर ड्रिल पाठ होतं. वरचे वर्ग, बाजूचे वर्ग, सगळे रांगा करून जिने उतरू लागले. ती सर्वांत शेवटी खाली आली, दरवाजे तपासत, मुलं मोजत. अडतीस. पुन्हा मोजली. अडतीस.

मैदानावर चंद्रप्रभा मॅडम धावतच आल्या. "कुठे लागलीय आग?"

"आग नाही. मी वाजवली. ती भिंत जाणार आहे, मॅडम."

आजूबाजूच्या शिक्षकांचे चेहरे उतरले, मग काहींच्या ओठांवर हसू आलं. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. शाळेची इमारत उन्हात स्वच्छ उभी होती. पत्र्यापलीकडे पोकलेन चालूच होतं, घर्र घर्र, थांबून पुन्हा घर्र. आठवीतली मुलं चेष्टा करू लागली. वीस मिनिटांनी चंद्रप्रभा मॅडम म्हणाल्या, "झालं तुझं समाधान? तुझं लेटर मी आजच काढते. चलो, सगळे आपापल्या वर्गात."

आठवीची रांग हलली. सातवी-बची मुलं स्वरूपाकडे बघत होती. ती मैदानात मातीवर खाली बसली, मांडी घालून. आधी जोया बसली, मग अक्षया, मग एकेक करत अडतीसच्या अडतीस. आठवीची रांग ते बघायला थबकली.

चंद्रप्रभा मॅडमनी अक्षयाचा दंड धरला. "उठ. तुझ्या पप्पांना फोन करू का?"

"करा, मॅम," अक्षया म्हणाली. "मी आत जाणार नाही."

तेवढ्यात पोकलेनचा आवाज एकदम बदलला, जणू ते कशाततरी रुतलं. मग ढग गडगडावेत तसा एक लांबलचक, जड आवाज आला. सातवी-बच्या खिडक्या आधी वाकड्या झाल्या, मग काचा फुटल्या, आणि मग ती बाजूच्या बाजू, वरची आठवी आणि खालची, सध्या रिकामीच असलेली पहिली धरून, आत ओढल्यासारखी खाली गेली. धुळीचा लोट मैदानावर आला. मुलांच्या किंकाळ्या त्यातच बुडाल्या.

धूळ बसली तेव्हा वर्गाची अर्धी फरशी हवेत लटकत होती आणि दाराकडची बाकं तिच्यावर तशीच उभी होती. चंद्रप्रभा मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. आठवीतला एकही मुलगा आता हसत नव्हता. स्वरूपा पुन्हा मोजत होती. अडतीस. जोया तिला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारून उभी होती आणि स्वरूपाच्या तोंडून सारखं एकच वाक्य येत होतं, "सगळे आहेत. सगळे आहेत."

मानस तिच्यासमोर आला. चष्म्यावर पांढरा थर बसला होता.

"मॅम," तो म्हणाला, "खाली माणसं होती ना?"

वीस मिनिटं स्वरूपा ते मशीन ऐकत होती. गेटवरच्या गार्डला धावत पाठवलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारपर्यंत पोलीस, अग्निशमन दलाच्या गाड्या, टीव्हीवाले, पालक असे सगळे जमले. आया पोरांना छातीशी धरून स्वरूपाच्या पाया पडत होत्या आणि ती मागे सरकत होती. अक्षयाचे वडील रडत रडत काहीतरी मराठीत बोलले. तिला त्यातला एक शब्दही नंतर आठवला नाही. मानसची वही तिनं इन्स्पेक्टरच्या हातात दिली आणि जबाब दिला, मंगळवारी आपण मुलांना काय सांगितलं होतं ते धरून. ठेकेदार पळाला होता. शाळेच्या डायरेक्टरला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतलं. खड्ड्यातून दोघांना काढलं. एका पोराचा पाय मोडला होता. दुसरा सुखलाल.

शनिवारी ती सरकारी हॉस्पिटलमध्ये गेली. शवागाराबाहेरच्या ओट्यावर एक बाई एकटीच बसली होती. पायांत जुन्या रबरी चपला, पदर तोंडाशी घट्ट धरलेला. सुखलालची बायको, छतरपूरहून रात्रभर बसनं आली होती. स्वरूपा शेजारी बसली.

"आप कौन?" बाईनं विचारलं.

"मी त्या शाळेत शिकवते," स्वरूपा हिंदीत म्हणाली. "बुधवारी ते माझ्याशी बोलले होते."

बाई तिच्याकडे वळली. "काय बोलले?"

स्वरूपानं सांगितलं. वारा सुटल्याचं, काम सुरू होणार असल्याचं, भिंतीच्या त्या अंगाला जेवायला बसत नसल्याचं. एकही शब्द न गाळता. त्यानंतर घंटेचं सांगितलं, आणि त्या वीस मिनिटांचंही.

बाईनं सगळं ऐकलं. शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही. "पोरं वाचली ना सगळी?" तिनं विचारलं.

"हो."

आतून क्लार्कनं सुखलालचं नाव पुकारलं आणि मृतदेह ताब्यात घेण्याचा कागद बाईच्या हातात दिला. बाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद स्वरूपापुढे धरला. स्वरूपा तो तिला मोठ्यानं वाचून दाखवू लागली, अगदी सावकाश, पहिल्या ओळीपासून.